भ्रमणध्वनी-जाळ्यांची सुरक्षितता : गुप्त कूटपद्धतीपासून खुल्या यंत्रणेपर्यंत

कूटलेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी अपाय होता कामा नये, सारे रहस्य केवळ किल्लीत सामावलेले असावे, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 साली लष्करी कूटलेखनावरील आपल्या फ्रेंच निबंधात मांडले. पुढील शतकभरात या तत्त्वाला विद्वानांची मान्यता मिळाली आणि पाठ्यग्रंथांत ते सूत्रासारखे उद्धृत होऊ लागले. असे असूनही, मानवी इतिहासात जी कूटपद्धती बहुधा सर्वांत अधिक लोकांच्या हाती पोहोचली ती मात्र या तत्त्वाच्या अगदी उलट दिशेने रचली गेली. ही पद्धती म्हणजे युरोपात जन्मलेल्या जीएसएम भ्रमणध्वनीची ए-5 ही होय. तिचा आराखडा गुप्त ठेवण्यात आला, तो हळूहळू उघडकीस आला, आणि त्यातून पुढच्या पिढ्यांच्या जाळ्यांची रचना खुल्या परीक्षणास मांडण्याची प्रथा पडत गेली. या सर्व घडामोडींत मोठ्या संस्थांपेक्षा विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी व नुकतीच डॉक्टरेट मिळविलेले तरुण अभ्यासक यांचा वाटा अधिक आहे. या क्षेत्रातील आजच्या संशोधनाचे प्रश्न नीट समजून घ्यावयाचे तर हा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

जीएसएमपूर्वीच्या भ्रमणध्वनीत कूटलेखन असे काही नव्हतेच. 1981 साली नॉर्डिक देशांत आणि 1983 साली शिकागो येथे सुरू झालेल्या व्यवस्थांत आवाज साध्या बिनतारी लहरींवरून जात असे. बाजारात मिळणारा साधा स्कॅनर जवळ असलेल्या कोणासही शेजाऱ्याचे संभाषण ऐकता येई. उपकरणाचा क्रमांकही उघडपणे प्रसारित होत असल्याने तो टिपून दुसऱ्याच्या नावावर फुकट बोलणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, आणि त्याचा आर्थिक फटका कंपन्यांना बसला. या उणिवेची जाणीव नव्या व्यवस्थेच्या शिल्पकारांना होती. युरोपीय टपाल व तार खात्यांच्या परिषदेने 1982 साली नेमलेल्या गटाकडे संपूर्ण खंडासाठी एकच अंकीय व्यवस्था आखण्याचे काम होते. 7 सप्टेंबर 1987 रोजी कोपनहेगन येथे 13 देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या आणि 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये या जाळ्यावरून पहिला संवाद झाला. आवाज अंकांत रूपांतरित झाल्यामुळे त्यावर कूटलेखनाचा संस्कार करणे प्रथमच स्वस्त व सुलभ झाले होते. प्रश्न एवढाच उरला होता की, हे कूटलेखन किती बळकट असावे.

या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांच्या टेबलावर ठरले नाही. तो काळ शीतयुद्धाचा होता. पश्चिम जर्मनीची लांबलचक सीमा वॉर्सा करारातील राष्ट्रांना लागून होती आणि सीमेपलीकडून आपल्या नागरिकांचे बोलणे ऐकले जाईल ही भीती त्या देशाला होती. म्हणून जर्मनांचा आग्रह बळकट कूटपद्धतीचा होता. नाटोतील इतर काही देशांच्या हेरखात्यांना मात्र उलट चिंता होती : अशी पद्धती जगभर पसरली तर आपल्याच ऐकण्याच्या सोयी बंद पडतील. मतभेद तीव्र झाला आणि अखेर फ्रेंच बनावटीचा आराखडा स्वीकारला गेला, असे रॉस अँडरसन यांनी 1994 साली नमूद केले. त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे 2014 साली, नॉर्वेतील 'आफ्तेनपोस्तेन' या वृत्तपत्राने त्या वेळच्या बैठकांत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या अभियंत्यांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे किल्लीच्या लांबीची मूळ सूचना 128 बिटांची होती. ब्रिटिशांचा आग्रह ती 48 बिटांवर आणण्याचा होता. पश्चिम जर्मनीने त्यास विरोध केला, आणि तडजोड म्हणून 54 बिट ठरले. वृद्धापकाळी सांगितलेल्या आठवणींना कागदोपत्री पुराव्याइतके वजन देता येणार नाही. तथापि त्या आठवणी आणि नंतर यंत्रातून प्रत्यक्ष बाहेर आलेला पुरावा यांचा मेळ बसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. जीएसएमची किल्ली कागदावर 64 बिटांची होती, पण त्यांतील 10 बिट नेहमी शून्य ठेवलेले आढळले. 64 ऐवजी 54 म्हणजे थोडीशी काटछाट, असे वरवर पाहता वाटेल. परंतु दर बिटागणिक शोधाचे क्षेत्र निम्मे होत असल्याने दहा बिटांच्या काटछाटीने हल्लेखोराचे काम 1,024 पटींनी हलके होते. शिवाय 1989 च्या सुमारास ए-5/2 नावाची आणखी दुबळी पद्धती तयार करण्यात आली. ज्या देशांना मूळ ए-5/1 देणे युरोपीय सरकारांना रुचत नव्हते त्यांच्यासाठी ती होती.

ए-5/1 ची घडण मात्र अभ्यासकाला मोह पाडील इतकी सुबक आहे. तिच्यात 19, 22 व 23 बिटांची तीन शिफ्ट रजिस्टरे असतात. एकत्रित लांबी 64 बिट. प्रत्येक टप्प्यास रजिस्टरातील बिट एक घर पुढे सरकतात आणि मागे रिकाम्या झालेल्या घरात ठरावीक घरांतील बिटांची बेरीज येऊन बसते. अशी रजिस्टरे स्वतंत्रपणे चालली तर त्यांचे गणित रेषीय असते आणि काही समीकरणे सोडवून ती उलगडता येतात. म्हणून रचनाकारांनी त्यांच्या चालीस एक अट घातली. प्रत्येक रजिस्टराच्या मध्याजवळचे एक घर मतदार म्हणून नेमले. तिघांच्या मतांत जे बहुमत होईल त्याच्याशी ज्यांचे मत जुळेल तीच रजिस्टरे पुढे सरकतात, उरलेले जागीच थांबते. त्यामुळे प्रत्येक रजिस्टर सरासरी चार टप्प्यांपैकी तीन वेळा चालते, पण कोणत्या वेळी थांबेल हे बाहेरून कळत नाही. आरंभी किल्ली व चालू चौकटीचा 22 बिटांचा क्रमांक त्यात मिसळतात, शंभर टप्पे उत्पन्न फेकून देतात आणि मग जाणाऱ्या व येणाऱ्या संभाषणासाठी प्रत्येकी 114, असे 228 बिट घेतात. त्या काळच्या स्वस्त चिपेवर बसणारी आणि अतिशय कमी वीज खाणारी ही युक्ती होती. तिच्या रचनाकारांना अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. दोष होता तो रजिस्टरांच्या आखूडपणात, आणि त्याहूनही अधिक, बाहेरच्या कोणासही ती तपासू न देण्याच्या निर्णयात.

गुप्ततेच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे होते, हे विसरता कामा नये. जाळ्यांच्या चालकांचे म्हणणे असे की, तारेवरचा दूरध्वनी तरी कोठे कूटलेखित असतो? बिनतारी दुव्याला तारेइतके संरक्षण मिळाले म्हणजे पुरे. स्कॅनरवाल्या शेजाऱ्यापासून बचाव करण्याचे काम ए-5 ने कित्येक वर्षे चोख केले, हे खरेच आहे. परंतु युक्तिवादातील 'तारेइतके' हा शब्द फसवा आहे. तारेवर कान लावण्यासाठी त्या तारेपर्यंत जावे लागते. लहरी मात्र प्रत्येकाच्या दारात येऊन पडतात, आणि टिपलेली संभाषणे साठवून दहा वर्षांनीही उलगडता येतात.

1994 च्या जून महिन्यात अँडरसन यांनी ए-5 चा स्थूल आराखडा सार्वजनिक चर्चेत मांडला. ते त्या वेळी केंब्रिज येथे डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होते. लंडन येथील एका परिसंवादात या पद्धतीवर वाचला जाणार असलेला निबंध ऐन वेळी मागे घेण्यात आल्याचाही उल्लेख त्यांनी केला होता. आराखडा अपुरा होता, तरी त्यातील तीन रजिस्टरांची कल्पना बरोबर ठरली आणि योव्हान गोलिच यांनी 1997 साली त्याच तर्कित रूपावर पहिला गंभीर गणिती हल्ला प्रसिद्ध केला. एप्रिल 1998 मध्ये दुसरे एक दार उघडले. स्मार्टकार्डाच्या अभ्यासातून पुढे आलेले मार्क ब्रिसेनो आणि बर्कली येथील संशोधक विद्यार्थी इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर यांनी सिमकार्डातील कॉम्प-128 या ओळख-पडताळणीच्या पद्धतीचा भेद केला. कार्डाला सुमारे दीड लाख प्रश्न विचारून आणि उत्तरांतील योगायोग हेरून आतील 128 बिटांची मूळ किल्ली त्यांनी काही तासांत बाहेर काढली. पद्धतीच्या दुसऱ्या फेरीत माहितीचा प्रवाह एका अरुंद गळ्यातून जात होता, तेथेच हा योगायोग हमखास घडे. असा दोष खुल्या परीक्षणात फार काळ टिकला असता, असे वाटत नाही. किल्लीतील शून्य ठेवलेले दहा बिटही याच अभ्यासात प्रकाशात आले. पुढच्याच वर्षी ब्रिसेनो यांनी एका प्रत्यक्ष भ्रमणध्वनीवरून ए-5/1 व ए-5/2 यांचे संपूर्ण आराखडे उलगडले. ए-5/2 चा भेद तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाला. बारा वर्षे जपलेल्या गुपिताचे आयुष्य येथे संपले. 2000 साली बिर्युकोव्ह, शमीर व वॅग्नर यांनी दाखविले की, पूर्वगणित करून तयार ठेवलेली कोष्टके हाताशी असतील तर साध्या संगणकावर ए-5/1 ची किल्ली सेकंदांत वा मिनिटांत मिळू शकते.

पण या साऱ्या हल्ल्यांना संभाषणाचा काही भाग आधीच ठाऊक असावा लागे. ती अट दूर केली ती हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील बारकान, बिहाम व केलर यांनी, 2003 साली. त्यांच्या निबंधातील निरीक्षण इतके साधे आहे की, ते इतकी वर्षे कोणाच्या दृष्टीस कसे पडले नाही याचे नवल वाटते. बिनतारी मार्गात बिटांत चुका होतात. म्हणून मूळ संदेशात पुनरुक्ती घालून तो फुगवितात. नियंत्रणाच्या मार्गावरील 184 बिटांचे असे 456 बिट होतात. जीएसएममध्ये ही पुनरुक्ती आधी घालतात आणि कूटलेखन नंतर करतात. परिणाम असा की, कूटलेखित मजकुरात बिटांमधील ठरावीक नाती शिल्लक राहतात, आणि संदेश काय आहे हे न कळताही त्या नात्यांवरून किल्लीची समीकरणे मांडता येतात. ए-5/2 साठी काही दशक मिलिसेकंदांचे संभाषण व एका सेकंदाहून कमी गणित पुरे झाले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ए-5/1 असो वा ए-5/2, किल्ली तीच वापरली जात होती. म्हणून हल्लेखोराने फोनाला क्षणभर दुबळी पद्धती वापरण्यास भाग पाडले की मिळालेली किल्ली बळकट पद्धतीचेही कुलूप उघडी. परदेशांसाठी मुद्दाम बनविलेल्या दुबळ्या पद्धतीने ती बनविणाऱ्यांच्याच नागरिकांचे संभाषण उघडे पाडले. 2006-07 मध्ये नव्या फोनांतून ए-5/2 वगळण्याचे निर्णय झाले.

फोनाला 'भाग पाडणे' शक्य झाले याचे कारण कूटपद्धतीत नसून त्याहून खोल आहे. जीएसएममध्ये जाळे फोनाची ओळख पडताळते, पण फोन जाळ्याची ओळख विचारीत नाही. ज्याचा संकेत बळकट तो खरा, असा फोनाचा भाबडा समज असतो. कूटलेखन चालू ठेवावे की नाही, आणि कोणते, हा हुकूमही जाळ्याकडूनच येतो. याचा फायदा घेऊन खोटे बेस स्टेशन उभारायचे व परिसरातील फोनांचे क्रमांक गोळा करायचे, ही यंत्रे 1990 नंतरच्या दशकातच पोलीस व हेरखात्यांसाठी विक्रीस आली. म्हणजे ज्या उणिवेविषयी विद्यापीठांत अजून निबंध लिहिले जात होते तिच्यावर बाजार उभा राहिला होता.

तिसऱ्या पिढीचे प्रमाणक आखणाऱ्या थ्रीजीपीपी या संघाने 1998 नंतर हा धडा बऱ्याच अंशी घेतला. जाळ्यानेही आपली ओळख पटविण्याची रीत आली, हुकमांवर अखंडतेची मुद्रा आली, किल्ली पुरती 128 बिटांची झाली. आणि मुख्य म्हणजे पद्धती प्रसिद्ध करण्यात आल्या. कासुमी ही पद्धती जपानी तज्ज्ञ मित्सुरू मात्सुई यांच्या मिस्टी-1 वरून घेतलेली होती. मूळ पद्धतीत केलेले बदल तिला दुर्बल करणारे ठरले असे डंकेलमन, केलर व शमीर यांनी 2010 साली दाखविले. परंतु त्या हल्ल्यास लागणारी परिस्थिती प्रत्यक्ष जाळ्यात उद्भवत नाही. उघड्या परीक्षणाचा हाच लाभ : दुर्बलता कळते, आणि ती कितपत घातक आहे हेही कळते. नव्या जाळ्याचा खरा शत्रू मात्र जुने जाळेच राहिले. फोनाला दुसऱ्या पिढीत उतरविले की तिसऱ्या पिढीची सारी तटबंदी निरर्थक ठरते, हे मायर व वेट्झेल यांनी 2004 सालीच सांगितले होते.

येथवरचे संशोधन कागदावरचे किंवा एकेका कार्डावरचे होते. संपूर्ण जाळे प्रयोगशाळेत उभारणे विद्यापीठाच्या आवाक्याबाहेर होते, कारण बेस स्टेशन विकणाऱ्या कंपन्या मोजक्या, किंमत मोठी, आणि आतील आज्ञावली बंद. ही कोंडी 2008 च्या सुमारास फुटली. सॉफ्टवेअरने चालणारा साधारण किमतीचा रेडिओ उपलब्ध झाला होता. त्यावर डेव्हिड बर्जेस व हरविंद सामरा यांनी ओपन-बीटीएस नावाने जीएसएमचे बेस स्टेशन केवळ आज्ञावलीत लिहून दाखविले. त्याच वर्षाअखेर बर्लिनच्या काँग्रेसमध्ये हाराल्ड वेल्टे व डीटर श्पार यांनी मोडीत निघालेल्या जुन्या बेस स्टेशनला ओपन-बीएससी ही आपली खुली आज्ञावली जोडून चालविले. ओपन-बीटीएसच्या कर्त्यांपुढे उद्देश होता तो दुर्गम, गरीब वस्त्यांना स्वस्त दूरध्वनी देण्याचा. 2010 साली प्रशांत महासागरातील नीउए या चिमुकल्या बेटावर ते जाळे बसलेही. सुरक्षेच्या अभ्यासकांना त्यातून जी प्रयोगशाळा मिळाली ती जणू अनाहूत देणगी होती. 2009 मध्ये कार्स्टेन नोल यांनी ए-5/1 ची कोष्टके अनेकांच्या सहकार्याने गणून जाहीरपणे वाटण्याची योजना मांडली. ती सुमारे दोन टेराबाइटांत मावली. वर्षभरानंतर नोल व सिल्व्हां म्युनो यांनी जुन्या स्वस्त फोनांत खुली आज्ञावली घालून संभाषण टिपून उलगडण्याचे संपूर्ण प्रात्यक्षिक केले. 1987 साली जे राष्ट्रांच्या हेरखात्यांनाच परवडेल असे मानले होते ते आता विद्यार्थ्याच्या खर्चात बसू लागले.

चौथ्या पिढीच्या काळात हाच मार्ग रुळला. दक्षिण फ्रान्समधील युरेकॉम या संस्थेत वाढलेली ओपन-एअर-इंटरफेस आणि आयर्लंडमधून आलेली एसआरएस-एलटीई यांसारख्या खुल्या आज्ञावलींनी एलटीई जाळे टेबलावर आणून ठेवले. बर्लिन व हेलसिंकी येथील शेख, बोरगावकर, आसोकन, नीमी व झायफर्ट यांच्या 2016 सालच्या निबंधात खोट्या एलटीई बेस स्टेशनने फोनाचे स्थान कसे शोधता येते व त्याला जुन्या पिढीत कसे ढकलता येते हे दाखविले होते. त्यांच्या साहित्याचा खर्च सुमारे 1,250 युरो होता. पडताळणी पुरी होण्यापूर्वी फोन काही हुकूम विनामुद्रा स्वीकारतो, हे त्याचे मूळ. बोखुम येथील रुपरेख्त, कोल्स व होल्झ यांनी प्योपर यांच्यासह वेगळीच उणीव हेरली : एलटीईत ग्राहकाच्या मजकुराचे कूटलेखन होते, पण त्यावर अखंडतेची मुद्रा नसते, म्हणून न वाचताही तो मजकूर ठराविक जागी बदलता येतो आणि ग्राहकाला भलत्याच संकेतस्थळाकडे वळविता येते. हा खर्च वाचविण्याचा निर्णय आखणी करणाऱ्यांनी जाणूनबुजून घेतला होता. पाचव्या पिढीत ती सोय आली, आणि पूर्ण वेगाने तिचा वापर करता येण्याची क्षमता प्रमाणकाच्या सोळाव्या आवृत्तीत अनिवार्य झाली. कोरियातील काइस्ट संस्थेच्या गटाने तर 2019 साली हजारो चुकीचे संदेश पद्धतशीरपणे पाठवून 51 दोष नोंदविले, त्यांतील 36 पूर्वी अज्ञात होते. त्यांपैकी पुष्कळसे प्रमाणकाचे नसून चालकांच्या व निर्मात्यांच्या हलगर्जीपणाचे होते.

प्रयोगाबरोबर सिद्धतेचीही वाट चोखाळली गेली. झुरिक, नॅन्सी व डंडी येथील अभ्यासकांनी 2018 साली पाचव्या पिढीची ओळख-पडताळणी तर्कशास्त्रीय साधनांनी तपासली आणि प्रमाणकात काही गृहीते लिहावयाची राहून गेली आहेत असे दाखविले. ग्राहकाचा कायम क्रमांक आता सार्वजनिक किल्लीने झाकूनच पाठविता येतो, ही पाचव्या पिढीची मोठी सुधारणा होय. तरीही बोरगावकर, हिर्शी, पार्क व शेख यांनी 2019 साली दाखविले की, पडताळणीतील क्रमदर्शक आकडा झाकण्याच्या रीतीतून ग्राहकाच्या हालचालींचा माग काढता येतो. या काळात व्यवहारही बदलला होता. 1994 साली निबंध मागे घेतला जाई. 2017 साली चालकांच्या जागतिक संघटनेने संशोधकांकडून दोषांची सूचना स्वीकारण्याची औपचारिक व्यवस्था सुरू केली.

या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा मात्र उशिरा हाती आला. जीएसएमवरील माहिती-वहनासाठी 1998 च्या सुमारास जीईए-1 ही पद्धती रचण्यात आली होती. तिची किल्ली 64 बिटांची असूनही प्रत्यक्षात ती 40 बिटांइतकीच बळकट असल्याचे बोखुम, रेन, पॅरिस व नॉर्वेतील गणितज्ञांनी 2021 साली सिद्ध केले. तिच्यातील दोन रजिस्टरे अशा रीतीने निवडली होती की, त्यांच्या एकत्रित आरंभस्थितीस फार थोड्या शक्यता उरतात. यदृच्छेने निवडलेल्या रजिस्टरांत असा योग जुळून येणे जवळजवळ असंभव असते, म्हणून हा दोष हेतुपुरस्सर आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. संबंधित युरोपीय प्रमाणक संस्थेने त्या काळच्या निर्यात-निर्बंधांमुळे तसे करावे लागले असे मान्य केले. ए-5 विषयीच्या आठवणींवर शंका घेणाऱ्यास या कबुलीजबाबानंतर फारसा आधार राहत नाही. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, 2013 सालीच ही पद्धती नव्या फोनांत निषिद्ध झाली असूनही 2021 च्या परीक्षणात काही चालू फोनांत ती आढळली.

फेब्रुवारी 2018 मध्ये पाच मोठ्या चालक-कंपन्यांनी मिळून ओ-रॅन संघ स्थापन केला आणि 'खुले' या शब्दाला नवा अर्थ आला. आता खुला होणार होता तो बेस स्टेशनच्या भागांमधील सांधा. पूर्वी अँटेनाजवळचा रेडिओ व त्यामागचा संगणक एकाच निर्मात्याकडून घ्यावा लागे. ओ-रॅनमध्ये दोहोंतील संवाद प्रमाणित होतो आणि एकाचा रेडिओ दुसऱ्याच्या संगणकाला जोडता येतो. शिवाय जाळ्याचे नियमन करणारा एक नियंत्रक येतो, व त्यावर त्रयस्थांनी लिहिलेल्या आज्ञावली चालतात. 10 मिलिसेकंदांपासून एका सेकंदापर्यंतच्या अवधीत त्या निर्णय घेतात. हेतू मूलतः व्यापारी होता : मोजक्या निर्मात्यांची पकड सैल करणे. येथे दोन खुलेपणांत गल्लत होण्याचा संभव आहे. सांध्याचे प्रमाणक प्रसिद्ध असणे वेगळे आणि आतील आज्ञावली वाचावयास मिळणे वेगळे. ओ-रॅन पहिल्याची हमी देते, दुसऱ्याची नाही.

सांधे वाढले की पहारेही वाढवावे लागतात. रेडिओ व संगणक यांमधील दुव्यावरून ग्राहकाचा मजकूर कूटलेखित रूपातच जातो, कारण त्याचे कुलूप मागच्या केंद्रात उघडते. परंतु त्याच दुव्यावरून रेडिओला मिळणारे हुकूम आणि घड्याळ जुळविण्याचे संकेत जातात. त्यांना प्रारंभीच्या प्रमाणकात अनिवार्य संरक्षण नव्हते. घड्याळाचा संकेत बिघडविला तर कोणतीही किल्ली न फोडता सारे केंद्र निकामी होऊ शकते. नियंत्रकावरील त्रयस्थ आज्ञावलीला किती अधिकार द्यावे, एकीने दिलेला हुकूम दुसरीने उलटविला तर कोणाचा मानावा, शिकाऊ संगणकीय प्रतिमानास खोटी मोजमापे पुरवून त्याची दिशाभूल केल्यास ते कसे ओळखावे, हे प्रश्न तर जीएसएमच्या काळात अस्तित्वातच नव्हते. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने करविलेल्या अभ्यासात नोव्हेंबर 2021 मध्ये असा निर्वाळा देण्यात आला की, त्या वेळच्या ओ-रॅन प्रमाणकांतील अनेक सांध्यांपासून मध्यम ते उच्च धोका संभवतो आणि सुरक्षितता ही आखणीच्या आरंभापासून विचारात घेतलेली नाही. मे 2022 मधील युरोपीय संघाच्या अहवालाचा सूरही सावधगिरीचाच होता. संघाच्या सुरक्षा-गटाने पुढील आवृत्त्यांत ओळख-पडताळणीचे नियम कडक केले, आणि रेडिओच्या दुव्यावर जोडणी करणाऱ्या उपकरणाची तपासणी करणारे प्रमाणक आणले. येथे लक्षणीय गोष्ट ही की, टीका, तिचे उत्तर आणि दुरुस्ती हे सर्व चार-पाच वर्षांत व उघडपणे घडले. ए-5/1 ला तेवढ्यासाठी दोन दशके लागली होती.

भारतात जीएसएम सेवा 31 जुलै 1995 रोजी सुरू झाली. कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस सुखराम यांना पहिला दूरध्वनी केला, आणि त्याच वर्षी मुंबईतही ही सेवा आली. म्हणजे ए-5 चा आराखडा चर्चेत आल्यानंतर वर्षभराने हे तंत्र येथे दाखल झाले. ते कोणत्या अटींवर घ्यावे याविषयीचा विचार त्या वेळी येथील विद्यापीठांच्या कक्षेत आला नाही, कारण तपासावयास हाती काही नव्हते. ही स्थिती आता राहिलेली नाही. 17 मे 2022 रोजी उद्‌घाटन झालेल्या पाचव्या पिढीच्या स्वदेशी चाचणी-केंद्राच्या उभारणीत मद्रास येथील आयआयटीच्या नेतृत्वाखाली आठ संस्था होत्या, आणि त्यांत मुंबईची आयआयटी व समीर या दोन्ही संस्थांचा समावेश होता. दुसऱ्या पिढीची जाळी या देशात अद्याप चालू आहेत; साध्या फोनांवर अवलंबून असलेला मोठा वर्ग त्यांच्याच आधारे बोलतो, आणि बँकांचे परवलीचे आकडेही त्याच मार्गाने येतात. 2021 साली अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीने काही फोनांत दुसरी पिढी बंद ठेवण्याची सोय ग्राहकास दिली. ज्याच्या फोनाला दुसरी पिढी हीच एक पिढी आहे, त्याला या सोयीचा उपयोग नाही.